सत्काराचा नारळ

लीड्सच्या युनिव्हर्सिटीतल्या पहिल्या सेमिनारला मॅडम वर्गात आल्या, तशी मी सवयीने उठून उभी राहिले. बाकीचे बसलेलेच होते. शेजारच्या यॉर्कशरच्या बाईने हळूच विचारले, "निघालीस? टॉयलेट डावीकडे आहे." मग मी खरोखरच टॉयलेटला जाऊन आले. इतक्या लोकांदेखत नुसते परत खाली बसणे मला जमले नसते.

मॅडम फ्रेंच होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, गळ्यात कायम स्कार्फ. बोलता बोलता थांबून त्या खिडकीबाहेर बघायच्या, जणू पुढचे वाक्य समोरच्या कार पार्कमध्ये ठेवले आहे. विषय होता फ्रेंच स्त्रीवादी तत्त्वज्ञान आणि स्त्रियांची चळवळ. तरुणपणी त्या स्वतः पॅरिसमध्ये मोर्च्यांना गेल्या होत्या. मला पहिल्या नावाने हाक मारा, असे त्यांनी आल्या आल्याच सांगितले, पण ते मला वर्षभर जमले नाही. मी आपली "मॅडम, मॅडम" करत राहिले.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. तालुक्याच्या शाळेत आम्ही 'अपेक्षित प्रश्नसंच' पाठ करून पास झालो. प्रस्तावना, मुद्दे, समारोप. उत्तरात 'मी' आणायचा नाही, तो उद्धटपणा. मुद्दे पट्टीने अधोरेखित करायचे, म्हणजे तपासणाऱ्याला त्रास होत नाही. फ्रेंच स्त्रीवादावरचा पहिला निबंध मी असाच लिहिला. 'स्त्रीच्या मुक्त, उत्स्फूर्त लेखनाची वैशिष्ट्ये' सहा मुद्द्यांत दिली आणि सहाही अधोरेखित केली.

मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावले.

"निबंध फार नीटनेटका आहे," त्या म्हणाल्या. "पण यात तू कुठे आहेस?"

"वर उजव्या कोपऱ्यात, मॅडम," मी म्हणाले. नाव आणि नंबर तिथेच लिहिला होता.

मॅडमनी कार पार्ककडे बराच वेळ पाहिले. मग त्यांनी समजावून सांगितले. या विचारवंत बायकांचे म्हणणे असे, की भाषा, शाळा, तत्त्वज्ञान हे सगळे पुरुषांनी स्वतःच्या मापाने शिवून घेतलेले कपडे आहेत. बाई त्यात अंग चोरून बसते आणि मापच बरोबर आहे असे समजते. तिला लिहायचे असेल तर तिने स्वतःपासून सुरुवात करायला हवी. "पुढचा निबंध तुझ्या एखाद्या रागापासून सुरू कर. तुझ्या स्वतःच्या. पाठ केलेला नको. पुन्हा असाच आला तर मला पास करता येणार नाही."

म्हणजे नापास. स्कॉलरशिप मिळाली तेव्हा गावाने माझा जाहीर सत्कार केला होता. त्यातली शाल मी लीड्सच्या खोलीत हीटिंग बंद झाले की पांघरत असे. नापास होऊन गेले तर ही शाल परत कुणाकडे द्यायची, हा प्रश्न त्या आठवड्यात मला तत्त्वज्ञानापेक्षा अवघड वाटला.

मी राग शोधायला लागले. वडिलांवर रागवावे, तर त्यांनी नातेवाइकांची बोलणी खाऊन मला शिकवले. शाळेतल्या सरांवर रागवावे, तर त्यांनी सुट्टीत घरी बोलावून इंग्रजी घोटून घेतले. एसटीचा कंडक्टरसुद्धा परीक्षेच्या दिवसांत माझ्यासाठी जागा धरून ठेवायचा. जो आठवावा त्याचे उपकारच निघायचे.

टॉयलेट दाखवणारी यॉर्कशरची बाई एव्हाना माझी मैत्रीण झाली होती. ती पूर्वी हॉस्पिटलात नर्स होती. चाळिशीत शिकायला आली होती आणि तिच्याकडे रागाचा साठा मोठा होता. आधीचा नवरा, वॉर्डची मॅनेजर, कचरा नेणारे कौन्सिल.

"माझ्यातला थोडा घे ना," ती कॅन्टीनमध्ये म्हणाली. "मला काय, उरतोच."

मी प्रामाणिकपणे कौन्सिलवर रागवून पाहिले. पण ते दर आठवड्याला न बोलावता दारात येत होते. आमच्या नगरपालिकेच्या मानाने मला त्यांचेही आभारच मानावेसे वाटले.

शेवटी रविवारी फोन कार्ड घेऊन घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"थंडी आहे का?"

"आहे."

"मग स्वेटर घाल," असे म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला. आमचे बोलणे एवढेच असते आणि त्यात सगळे येते.

"आई, तू माझ्यावर कधी अन्याय केलास का गं? मुलगी म्हणून?"

"बरं नाही का तुला?"

"बरी आहे. अभ्यासाला पाहिजे."

"असला कसला गं अभ्यास?" आई विचार करू लागली. "दादाला साय जास्त वाढली असंल कधी. पण तुला कुठं आवडायची साय?"

"नाही आवडायची."

"मग?"

साय पण हातची गेली. कार्डावरची मिनिटे संपत होती. मी सुचेल ते विचारले, "बरं, तुला तरी कधी राग आला का? खरा राग?"

आईने फोन बाजूला धरला. मग तिचा आवाज लांबून आला, "अहो, मागची मोटर बंद करून या जरा." बाबांची पावले लांब गेल्यावर ती फोनमध्ये हळूच म्हणाली, "नारळ."

"कसला नारळ?"

"तुझ्या सत्काराचा. बाजार बंद होता त्या दिवशी. हेडसरांनी आपल्याच घरी माणूस पाठवला, नारळ आहेत का म्हणून. मी नवरात्राचे ठेवलेले काढून दिले. चांगले निवडून, सोलून, शेंडी ठेवून. आणि स्टेजवर कुणाला दिले? तुझ्या बाबांना, मामाला, हेडसरांना, अध्यक्षांना. आणि त्या उपनगराध्यक्षाला! मेल्यानं तुझ्या दाखल्यावर सही करायला किती खेटे घालायला लावले! माझाच नारळ, आणि सत्कार त्याचा!"

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"मी कुठं असणार? स्टेजच्या मागं. शिरा हलवत होते, अख्ख्या हॉलचा."

मला तो शिरा आठवला. भाषणात कुणीतरी त्याची स्तुतीही केली होती, आचाऱ्याची म्हणून.

"तुझ्या बाबांचा नारळ तेवढा घरी आला," आई म्हणाली. "तो मलाच फोडायला लागला. चटणी केली. सगळ्यांनी मिटक्या मारून खाल्ली. मी शिवले नाही तिला. आणि त्या शिऱ्याला वेलदोडे..."

कार्ड संपले. मी शाल गुंडाळून कोपऱ्यावरच्या दुकानात धावले आणि दुसरे घेऊन आले. वेलदोड्यांचा राग वेगळा होता आणि तोही लांबलचक होता.

निबंध वर्गात वाचून दाखवायचा होता. मी कोपऱ्यावरच्या पाकिस्तानी चाचांच्या दुकानातून एक नारळ घेऊन गेले. त्याला शेंडी नव्हती, त्यामुळे अर्धा वेळ शेंडी कशी असते हेच सांगण्यात गेला. शाल आणि नारळ देऊन आमच्याकडे माणसाचा मान करतात, हे सगळ्यांना कळले. मग नारळ कुणाच्या घरचे होते ते मी सांगितले. यॉर्कशरच्या मैत्रिणीने टेबलावर हात आपटला. "त्या उपनगराध्यक्षाचा पत्ता आहे का?" तिने विचारले, आणि सगळे हसले.

मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"तुझ्या आईने हे आधी कुणालाच सांगितले नव्हते?"

"नाही, मॅडम. कुणी विचारलंच नव्हतं."

मॅडमनी गळ्यातला स्कार्फ सारखा केला. मग म्हणाल्या, "आमच्या पॅरिसच्या सभांमध्ये मोठमोठे पुरुष क्रांतीवर बोलायचे. कॉफी कोण करायचं, माहीत आहे?" त्यांनी स्वतःकडे बोट दाखवले. "आणि वाईट कॉफी नव्हती ती."

त्यानंतर त्या जे हसल्या, ते स्कार्फने डोळे पुसावे लागेपर्यंत.

मी पास झाले. निबंधाखाली मॅडमनी लिहिले होते, 'आता सापडलीस. पट्टी ठेवून दे.' कारण 'नारळ : प्रस्तावना' हे शीर्षक मी याही वेळी अधोरेखित केले होते.

घरी फोन केला.

"पास झाले, आई."

"झालीस ना! कशावर लिहिलंस?"

"नारळावर."

 आई घाईघाईने म्हणाली, "गावात बोलू नकोस हं कुठं. उपनगराध्यक्षाची बायको फार चांगली आहे गं."

"नाही बोलत."

"आणि ऐक. तुझ्या बाबांनी कळवलं वाटतं कालच, तू पास होणारच म्हणून. हेडसरांचा माणूस येऊन गेला सकाळी. परत सत्कार करायचा म्हणतात, नारळ आहेत का घरात."

"मग?"

"माळ्यावर आहेत की. चांगले मोठे आहेत." तिने आवाज खाली आणला. "मी सांगितलं, नाहीत."

"आणि शिरा?"

"शिराही जमायचा नाही म्हणाले मी, गुडघा दुखतोय. मी पुढं बसणार आहे, पहिल्या रांगेत." मग थोडे थांबून तिने काळजीने विचारले, "का गं, तुमच्या त्या फ्रेंच बाईंना चालतं ना असं खोटं बोललेलं?"