फळीवाल्या सिस्टर

सिस्टर वॉर्डात शिरल्या की आधी पेशंटकडं बघत नसत, खाटेकडं बघत. गादीवर दोन्ही तळहात टेकवून अंगाचा भार टाकत आणि खालच्या स्प्रिंगा किती खचतात ते पाहत. बहुतेक खाटा पार खाली जात. "ही खाट हाय का झोळी?" असं पुटपुटत त्या पुढच्या खाटेकडं वळत. आपली विचारपूस होईल म्हणून पेशंट बिचारा उठून बसलेला असे, आणि बाई खाटेची तब्येत बघून निघून जात.

ही सत्तरनंतरच्या वर्षांतली गोष्ट. परभणीतल्या ज्या दवाखान्यात मी कारकून होतो त्याचं नाव घेत नाही. नावं घ्यायचीच तर पहिलं माझं घ्यावं लागेल.

सिस्टर मूळच्या झरीकडच्या, छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरातल्या. औरंगाबादला नर्सिंग शिकताना त्यांनी थांबलेलं हृदय छाती दाबून आणि तोंडानं श्वास देऊन पुन्हा चालू झालेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्याकडं तोवर नाडी लागेना झाली की डॉक्टर घड्याळ बघत आणि मी कागद काढत असे. सिस्टरांना हे अजिबात खपत नसे. "नाडी गेली म्हंजे माणूस गेला न्हाई. चार मिन्टं असतेत आपल्या हातात," असं त्या सांगत. वॉर्डातले शिपाई गफूरचाचा यांना त्यांनी गुंडाळलेल्या गादीवर दाबायला शिकवलं. मोठ्यानं मोजायचं, आणि कोपर वाकलं की हातावर चापट. "बाई, रोटी का आटा बी इत्ता नै गूंदे हम," अशी चाचांची कुरकुर चाले, पण ते शिकले.

खाटेचं वेड होतं ते यासाठीच. खचणाऱ्या गादीवर छाती दाबली की माणूस गादीसकट खाली जातो आणि दाब हृदयापर्यंत पोचतच नाही. म्हणून पहिल्यांदा वेळ आली तेव्हा त्यांनी पेशंटला, अडतीवरच्या एका मापाड्याला, सरळ फरशीवर घेतलं. तिथंच घात झाला. आपल्याकडं शेवटची घटका आली की माणसाला खाली घेतात. खाली घेतलं म्हणजे संपलं. मापाड्याची पाठ फरशीला टेकली आणि बायकांनी हंबरडा फोडला. कुणी तोंडात पाणी घालायला तांब्या आणला, दोघांनी सिस्टरांचे दंड धरून त्यांना बाजूला ओढलं. मापाडी गेला. नंतर व्हरांड्यात बसून त्या मला म्हणाल्या, "मी जगवायला खाली घेतला, भाऊसाहेब, आन् ह्यांनी पोचवायला."

मग त्यांनी फळी करून घेतली. दवाखान्याचं एक जुनं सागवानी दार मोडीत निघालं होतं. ते सुताराकडून कापून, कडा घासून घेतलं. पाठीखाली फळी सरकवायची आणि खाटेवरच दाबायचं, म्हणजे कुणाला खाली घ्यायला नको. लोकांशी भांडून रिवाज मोडत नाही हे त्यांना एका मापाड्यात कळलं होतं. फळी वॉर्डातल्या एका खिळ्याला टांगली गेली.

त्या फळीवर एक शाळामास्तर परत आला आणि काही आठवड्यांनी आपल्या पायांनी घरी गेला. घरच्यांनी देवापुढं नारळ फोडला. सिस्टरांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडासुद्धा कुणी ठेवला नाही. बाकीचे तीन-चार मात्र गेले, आणि लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले. फळी आली की माणूस जातो, असं ठरून गेलं. तिला तिरडीची फळी म्हणू लागले. खिळ्याजवळची खाट कुणी घेईना. सिस्टर चिडून म्हणत, "अवो, जो मरायलाय त्याच्यासाठीच आणायलाव ना ती!" ऐकणारे मान डोलवत आणि खाट बदलून मागत.

मला हे सगळं पुरतं ठाऊक होतं. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण अडाणीपणाची सबब मला नाही.

माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा वॉर्डात एकच खाट मोकळी होती, खिळ्याजवळची. पहिल्या दिवशी ते बरे होते. मऊ भात खाल्ला, भाताला मीठ नाही म्हणून आत्याला बोलले. आत्याचं लक्ष भिंतीकडं होतं. "बाळू, ती फळी काढ रे बाबा माझ्या भावाच्या डोक्यावरून," असं ती दिवसभर म्हणत राहिली. मी हसलो. संध्याकाळी घरी निघताना फळी काढली, जुन्या केसपेपरांच्या खोलीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. माझा त्या समजुतीवर विश्वास नव्हता. भीती तेवढी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील बोलता बोलता थांबले. सिस्टर धावत आल्या, मानेला बोटं लावली आणि त्यांचा हात खिळ्याकडं गेला. "फळी कुठंय? चाचा, फळी!" किल्ली माझ्या खिशात होती आणि खोली पंचवीस पावलांवर. मी खिशातली किल्ली मुठीत धरून उभा राहिलो. सिस्टरांनी वाट पाहिली नाही. चाचांनी पाय धरले, त्यांनी खांदे धरले, आणि वडिलांना खाली घेतलं.

सिस्टर मोजत दाबत होत्या. मध्येच वाकून, गॉजचा तुकडा ठेवून तोंडानं श्वास देत होत्या. आत्यानं हंबरडा फोडला आणि तांब्या घेऊन वाकली. मी तिला धरायला हवं होतं. मी सिस्टरांचा हात धरला. "राहू द्या आता, सिस्टर. सुखानं जाऊ द्या." "सोडा, भाऊसाहेब! सोडा म्हन्ते ना!" मी सोडला नाही. फरशीवर पडलेला बाप बघून माझ्या मनानं केव्हाच त्याचं सुतक धरलं होतं.

पुढं चुलत्यांनी अर्ज दिला, की जिवंत माणसाला खाली घेऊन मारलं. कुठल्या जातीच्या घरातल्या बाईनं वडिलांच्या तोंडाला तोंड लावलं हे अर्जात नव्हतं, पण गावात तेवढंच बोललं जात होतं. अर्जाखाली मुलाची सही हवी होती. मी केली. चौकशीत साहेबांनी विचारलं, फळी असताना वापरली का नाही? तोवर मी ती गुपचूप पुन्हा खिळ्याला लावली होती. केसपेपरांच्या खोलीची किल्ली कुणाकडं असते हे सिस्टरांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सापडली न्हाई," एवढंच बोलल्या. त्यांनी मला वाचवलं याचा त्या वेळी मला त्यांचाच राग आला.

सिस्टरांची बदली राणीसावरगावच्या बाजूच्या एका लहानशा दवाखान्यात झाली. हुकूम माझ्याच टेबलावरून द्यायचा होता. त्यांनी कागद वाचला, घडी करून पिशवीत ठेवला.

"फळी खिळ्यालाच राहू द्या, भाऊसाहेब. कुलपात ठेवत जाऊ नका."

मी जावक वहीत हुकमाची नोंद करत राहिलो. त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"ते जगलेच असते आसं मी म्हननार न्हाई. पण एक श्वास घेतला व्हता त्यांनी. तुमी हात धरायच्या आधी."

त्या गेल्यावर फळीला कुणी हात लावला नाही. उन्हाळा आला तसा एका शिपायानं ती काढली, व्हरांड्यात दोन विटांवर आडवी टाकली आणि वर पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. रिटायर होईपर्यंत रोज दुपारी मी त्या माठातलं पाणी पीत होतो.