हलणारा चौकोन

धरणगावच्या स्टँडवर सकाळी सातला जाऊन उभा राहिलो. धुळ्याची गाडी कोणती, हे मी कुणाला विचारत नाही. आपल्या बाजूची दोन-चार माणसं पिशव्या उचलून एखाद्या गाडीकडे हलली, की मीही हलतो. पन्नास वर्षं असंच चाललं. फसलो दोनदाच. एकदा चोपड्याला जाऊन उतरलो होतो.

बायको असायची तेव्हा तीही गरज नव्हती. ती सातवी शिकलेली. पाटी ती वाचायची, "चला" म्हणायची. मार्गशीर्षात ती गेली. आता फाल्गुन. आमचा संदीप धुळ्याला देवपुरात राहतो. त्याच्या पोरीला सांभाळायला ती महिना महिना तिथं जाऊन राही. दोन दिवस आधी संदीपचा फोन आला, "नाना, आठ दिवस तुम्ही या. आम्ही दोघं कामावर. तन्वी शाळेतून आली की शेजाऱ्यांकडे टॅब घेऊन बसते. घरचं माणूस हवं."

गाडी एरंडोलवरून पारोळ्याच्या रस्त्याला लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून ढीग घातलेले. शेजारी गाद्या भरणारा एक पिंजारी बसला होता, माझ्याच वयाचा.

"आबा, कथा चालनात?" (कुठे निघालात?)

"धुळ्याला. नातीकडे."

"आमचा नातू दोन वर्षांचा शे. बोलता येत नाही, पण मोबाईल बरोब्बर उघडतो. लई हुशार."

"उघडायचं काय, आमची मांजर दार उघडते," मी म्हणालो.

तो पारोळ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही. उतरताना मात्र हसला.

धुळ्याला रिक्षा केली. पांझरेच्या पुलावरून पाहिलं, तर नदीत पाणी कमी आणि दगड जास्त. दार तन्वीनंच उघडलं. साडेपाच वर्षांची आहे. माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या मागं बघितलं.

"आजी कुठंय?"

संदीप आतून घाईनं म्हणाला, "आजी धरणगावला आहे." आणि मला मानेनं खूण केली, बोलू नका. मी तोंडावर बोलणारा माणूस आहे, गावात त्यासाठी चार शत्रू आहेत. पण उंबऱ्यात उभा होतो, हातात पिशवी होती. चपला काढल्या आणि आत गेलो.

सून दीपाली चांगली आहे. तिनं शेवभाजी केली होती, तर्रीदार. जेवताना तिनं सांगितलं की जूनमध्ये तन्वीची पहिली. शाळेच्या बाई आधी मुलांना बघतात. अक्षरं येत नसली तर आणखी एक वर्ष खालच्याच वर्गात. "पण आपल्याला काळजी नाही, नाना. तिला बठ्ठी (सगळी) येतात. बघा." टॅब लावला. त्यातली बाई गोड आवाजात म्हणाली, "क दाखव बरं!" चार चौकोन आले. तन्वीनं एकावर बोट ठेवलं. चांदण्या पडल्या, टाळ्या वाजल्या. मग ग. मग म. एक चुकलं नाही. संदीप माझ्याकडे असा बघत होता, जसं काही पीक त्यानंच काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि ती दोघंच. ती खेळत होती, मी शेजारी आडवा. माझं त्या चौकोनांत मन लागत नव्हतं, म्हणून मी पोरीकडेच बघत राहिलो. तेव्हा दिसलं. बाईनं "प दाखव" म्हटलं की पोरगी चौकोनांकडे नीट बघायचीच नाही. खिडकीबाहेर बघायची, पायाचा अंगठा हलवायची. थोडा वेळ गेला की मशीनलाच दया येते. बरोबरचा चौकोन जरासा हलतो. तो हलला की ही बोट ठेवते. चांदण्या.

मी उठून बसलो. ही चाल माझी होती.

संध्याकाळी भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आत सांगून टाकलं. "पोरीला एक अक्षर येत नाही."

दीपालीनं वाटी खाली ठेवली. "नाना, काल बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं. ती वाचत नाही, वाट बघते."

संदीपला राग आला. "तुम्ही चौथी नापास. तुम्हाला यातलं काय कळतं?"

"म्हणूनच कळलं," मी म्हणालो. मग स्टँडवर मी काय करतो ते सांगितलं. गोळ्यांची पाकिटं मी रंगावरून ओळखतो, हेही सांगितलं. "सुटी अक्षरं ओळखतो, जोडून वाचायला बसलो की घाम फुटतो. तुझी आई वाचायची, मी सही करायचो. तुला माझं चाळीस वर्षांत दिसलं नाही, मग पोरीचं कसं दिसणार?"

संदीप उठला. वहीचा कागद फाडला, त्यावर मोठा क काढला आणि तन्वीपुढे धरला. ती कागदाकडे बघत बसली. बराच वेळ बसली. मग म्हणाली, "पप्पा, हे हलतच नाही."

दीपाली टॅब कपाटावर टाकायला निघाली. संदीपनंच अडवलं. माझी भाची सुरेखा दोंडाईच्याजवळ अंगणवाडी चालवते, तिच्याकडेही असलाच एक टॅब आहे आणि तिची मुलं वाचतात, असं त्यानं ऐकलं होतं. फोन झाला. होळीची सुटी जोडून आली होती. ठरलं, मी पोरीला घेऊन तिकडे जायचं, संदीप चौथ्या दिवशी घ्यायला येणार.

गाडीत तन्वीनं दोनदा उलटी केली आणि एकदा माझ्या धोतरावर. सोनगीरच्या किल्ल्याचा डोंगर दाखवला तर म्हणाली, छोटा आहे. खरंच छोटा आहे. दोंडाईच्यात उतरलो तर बाजाराच्या बाजूला मिरची वाळत घातलेली, लाल शेतच. दोघंही शिंकत सुरेखाच्या घरी पोचलो. रात्री कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा. तन्वीनं दूध-भाकर खाल्ली.

सुरेखाची अंगणवाडी म्हणजे एक खोली आणि पुढं निंबाचं झाड. टॅब एकच, कोपरा तडकलेला. तिनं तो मांडीवर उभा धरला, वीसेक पोरं भोवती. "मामा, या, आठे बसा." (इथे बसा.)

तिची रीत वेगळी. ती पोरांना अक्षर विचारतच नाही. विचारते, काल काय झालं? एक नाकातून शेंबूड ओढणारी मुलगी उभी राहिली. "मन्ही बकरी व्यायनी!" (माझी बकरी व्याली!) सुरेखानं बोलली तसंच टॅबवर मोठ्या अक्षरांत टाकलं. आवाज बंद. मुलीनं बोट ठेवून ओढत ओढत वाचलं, बाकीच्यांनी वाचलं, शेवटी सुरेखानं बटण दाबलं आणि मशीननं वाचलं. मशीनचं 'व्यायनी' वाकडं आलं. पोरं हसून लोळली.

"याले येस नई!" (याला येत नाही!) ती मुलगी मशीनला म्हणाली.

मी सुरेखाला विचारलं, हे उलटं का? ती म्हणाली, "मामा, मशीन आधी बोललं की पोरं ऐकतात, बघत नाहीत. माझ्याकडे ते सगळ्यांच्या शेवटी बोलतं. आणि जे स्वतः बोललं, ते पोर विसरत नाही." हे सगळं लिखाणही मी तसंच केलं. मी फोनवर बोललो, सुरेखानं उतरवलं, माझ्या शिव्या तेवढ्या गाळल्या.

तन्वी दोन दिवस माझ्या गुडघ्याला चिकटून बसली. एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी बकरीवाल्या मुलीनं तिला चिमटा काढला, "तू काय मुकी शे का?" तेव्हा ती उभी राहिली. म्हणाली, "आजी धरणगावला आहे."

सुरेखाचं बोट थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं. ती मयतीला आली होती. पोरगं बोललं तसं लिहायचं, हा तिचा नियम.

"लिहू नको," मी म्हणालो. "खोटं आहे."

"मामा, पोरांसमोर नको."

मी तन्वीला घेऊन निंबाखाली गेलो. सांगायला फार काही नव्हतं. आजी आजारी होती, मेली, आम्ही तिला जाळलं, ती धरणगावला नाही, कुठंच नाही. मला दुसरं बोलता येत नाही. तिनं विचारलं, "मग पप्पा का म्हणाले?" म्हणालो, त्याला सांगता आलं नाही. ती रडली नाही. निंबाच्या काडीनं मातीत रेघा ओढत बसली. त्या दिवशी जेवली नाही. रात्री सुरेखा मला फाडफाड बोलली आणि मी ऐकून घेतलं. पोरगी बिघडली तर संदीपला काय तोंड दाखवू, हा विचार मलाही होताच.

सकाळी अंगणवाडीत तन्वी स्वतः उठून पुढं गेली. "आजी मेली," म्हणाली. "लिहा."

सुरेखानं लिहिलं. तन्वीनं बोट ठेवलं. आ. जी. पुढच्या शब्दावर बोट थांबलं. वाट बघतेय की काय, असं मला वाटलं. पण ती अक्षराकडेच बघत होती, डोळे बारीक करून. मे. ली. सुरेखानं खडूनं जमिनीवर पाच-सहा शब्द मोडून-मिसळून लिहिले. त्यातून तन्वीनं दोन्ही शोधले. एकदा चुकली, परत शोधला.

दुपारी संदीप आला. तेच वाक्य लिहिलेला कागद तन्वीनं त्याच्यापुढे धरला आणि बोट लावून वाचून दाखवलं. तो उन्हात उभाच राहिला.

"कुणी सांगितलं तिला?"

"मी."

"आणि वाचायला?"

"ते तिचं तिनं."

तो म्हणाला, "मला बोलवायचं तरी." मग पोरीला उचलली आणि तिच्या खांद्यात तोंड घातलं. आई गेली तेव्हाही तो माझ्यापुढं रडला नव्हता.

मी दोंडाईच्याहून पॅसेंजरनं निघालो. नरडाणा, अमळनेर, मग आपलं धरणगाव. घराचं कुलूप काढलं, चूल पेटवली.

परवा संध्याकाळी दीपालीचा फोन आला. शाळेच्या बाईंनी बघितलं. जे येत होतं ते तन्वीनं वाचलं, बाकीच्याला सरळ म्हणाली, हे मला येत नाही. बाई म्हणाल्या, एक वर्ष खालच्या वर्गात बसू द्या.

"वाईट वाटलं का तुला?" मी विचारलं.

"वाटलं. पण नाना, ती कुठंवर आलीय ते आता कळतंय तरी."

मग फोन तन्वीनं घेतला. तिनं नवीन वाक्य लिहिलं होतं, वाचून दाखवायचं होतं. "मध्ये बोलायचं नाही," म्हणाली. आ. जी. ला. पुढं फार वेळ लागत होता. तव्यावर माझी भाकर होती. तिचा वास आला, मग धूर आला. मी करपू दिली.