नकलेची बंदूक आणि दसऱ्याचा नारळ

ज्याने चाळिशी उलटेपर्यंत हातात खडूशिवाय काही धरले नाही, आणि ज्याचा नेम त्यानंतरही क्वचितच कशाला लागला, त्याने बंदुकीविषयी लिहावे हे जरा आगाऊपणाचेच आहे. लेखनाचाही मला सराव नाही. उमेदीची वर्षे इतरांच्या निबंधांवर तांबड्या शाईने खुणा करण्यात गेली. स्वतःचे चार परिच्छेद लिहिण्याची वेळ आता येत आहे. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी आणि जमल्यास शेवटपर्यंत यावे, कारण शेवटी मला त्यांना काही विचारायचे आहे.

हायस्कूलमधली नोकरी सोडून मी सोनाळ्याजवळच्या आमच्या वावरावर राहायला आलो, तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. मला मिळालेल्या पीकसंरक्षणाच्या परवान्याचा छापील कागद जुनाच होता. त्यावर आधीच्या राज्याचे नाव खोडून नव्याचा शिक्का मारलेला होता. सातपुड्याच्या पायथ्याला लागून जमीन असल्यामुळे रानडुकरे आमच्याकडे पाहुण्यांसारखी नव्हे, घरच्यासारखी येत. पहिल्याच वर्षी त्यांनी भुईमुगाची एक पट्टी इतकी मन लावून उकरली की नांगराला करण्यासारखे काही उरले नाही. परवान्यासाठी अर्ज करण्याचे धैर्य मला त्या पट्टीने दिले.

बंदूक कोणती घ्यावी याविषयी मात्र माझ्या मनात शंका नव्हती. माझ्या वडिलांकडे एक विलायती बंदूक होती. तिच्या चापाभोवती लोखंडी कडी असे. ती खाली ओढली की नळीची मागची बाजू उघडे, रिकामे काडतूस उडून बाहेर पडे. नवे आत सरकवून कडी वर घेतली की बंदूक पुन्हा सज्ज. उघडतानाचा आवाज कोरडा आणि मिटतानाचा भरदार. लहानपणी मी ते दोन आवाज पडवीत बसून मोजत असे. वडील गेले तेव्हा मी नागपूरला शिकत होतो. बंदूक ठाण्यात जमा झाली आणि रीतसर गावच्या पाटलांच्या परवान्यावर गेली. त्यात त्यांची काही चूक नव्हती. पुस्तकांत डोके घालून बसलेल्या मुलाला बंदूक कशाला हवी, असे सर्वांना वाटले आणि मलाही तेव्हा तसेच वाटले होते.

अकोल्याच्या एका दुकानात मला तीच बंदूक पुन्हा दिसली. म्हणजे ती नव्हे. तिच्या नमुन्यावरून एका देशी कारखान्याने नव्याने घडवलेली. अक्रोडाऐवजी शिसवीचा दस्ता, नळीवर कोणत्याही साहेबाचे नाव नाही, पण कडी अगदी तशीच. मी संकोचाने विचारले, ही खरी आहे का? दुकानदार म्हणाला, "नक्कल आहे साहेब. पण आवाज असली काढते." मी कडी खाली ओढली, वर घेतली, आणि परवाना पुढे केला.

सराव मी सकाळी, गावाकडे पाठ करून, नाल्यात करीत असे. कोणी पाहू नये एवढीच इच्छा. पंचवीस पावलांवर रॉकेलचा रिकामा डबा ठेवायचा, बंदुकीसोबत मिळालेल्या माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे डावा पाय पुढे घ्यायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि चाप ओढायचा. डबा बहुधा जागच्या जागी राही. तरी त्या कडीचा आनंद असा होता की नेम चुकला तरी हात लगेच खाली जाई, काडतूस टणकन उडे आणि दारूचा वास नाल्यात दरवळे. मी स्वतःशीच हसत असे, हे येथे कबूल करतो.

माझा एकमेव साक्षीदार होता आमचा राखणदार. वयाने माझ्याहून बराच मोठा. गोफण आणि पत्र्याचा डबा एवढ्या शस्त्रांवर त्याने आयुष्यभर लोकांची पिके राखली होती. रात्रीची राखण संपवून तो नाल्यावर यायचा. मी घरून आणलेला चहा दोघांत वाटून घ्यायचो आणि त्याला आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. परदेशी बातम्या त्याला विशेष आवडत.

"मास्तर," तो एकदा म्हणाला, "डब्ब्याले काऊन भेवाडता? थो तं काही खाऊन नाही राह्यला."

"सराव आहे, बाबा."

"हाव. डब्ब्याचाबी सराव होऊन राह्यला. आता थो हालतच नाही."

त्या वर्षी दसरा जवळ आला तशी एक गोष्ट मला कळली. आमच्याकडे हरभरा निघेपर्यंतची राखण दसऱ्याला ठरते, आणि पाटलांनी आमच्या राखणदाराला आपल्या वावरावर बोलावले होते. मी त्याला विचारले तेव्हा त्याने चहाची वाटी खाली ठेवली.

"पाटलाले तोंडावर नाही म्हनता येत नाही, मास्तर. मी म्हनलं, दसऱ्याले नारळ फुटू द्या. आमच्या मास्तराच्या बंदुकीनं फुटला तं मी मास्तराचा. नाही तं तुमचा."

गावची रीत अशी, की सीमोल्लंघनाला निघण्याआधी वेशीबाहेरच्या कडुलिंबाला शेंडी सोललेला नारळ सुतळीच्या जाळीत, डोळे खाली करून टांगायचा आणि परवानेवाल्यांनी त्यावर एकेक बार काढायचा. गावात परवाने दोनच होते. राखणदार गेला तर भुईमूग रानडुकरांचा हे उघड होते. पण खरे सांगायचे तर मला भुईमुगापेक्षा सकाळच्या चहाची चिंता अधिक वाटली.

दसऱ्याला सकाळी आमच्या घरी पाटावर तीन वस्तू मांडल्या गेल्या: नांगराचा फाळ, माझे संस्कृतचे कोश आणि बंदूक. माझ्या पत्नीने पूजा मनापासून केली. हळद वाहिली, कुंकू वाहिले, आणि बंदुकीची ही पहिलीच पूजा म्हणून मूठभर अक्षता सढळ हाताने टाकल्या. दुपारी निघताना मी फडके घेतले, तर तिने हात धरला.

"अहो, सोनं वाटायच्या आधी पूजा पुसतात का कुठं?"

माहितीपत्रकात बंदूक स्वच्छ ठेवण्याविषयी एक संपूर्ण पान होते. ते मला तोंडपाठ होते. तरीही मी फडके ठेवून दिले आणि हळदीकुंकवाने माखलेली बंदूक तशीच खांद्यावर घेऊन निघालो.

पाटलांनी पहिला बार काढला. माझ्या वडिलांच्या बंदुकीचा तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. लिंबाचा पाला भुरभुर खाली आला, नारळ नुसता झुलला. मग माझी पाळी. मी कडी खाली ओढली. ती अर्ध्यावर अडली. पुन्हा ओढली. ती खालीही जाईना आणि वरही येईना. मागून कोणीतरी म्हणाले, "मास्तरची बंदूक उपाशी हाय, दसऱ्याचा उपास धरला." पाटील चांगल्या मनाने, पण सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मास्तर, नक्कल थे नक्कल. माही घेता का हातात?"

ती घ्यावी असे मला क्षणभर वाटले. तेवढ्यात राखणदार पुढे आला. त्याने बांधावरच्या बाभळीचा एक लांब काटा मोडून आणला, बंदूक माझ्याकडून घेऊन उलटी केली, फटीत काटा फिरवला आणि दोनदा हलवली. त्याच्या तळहातावर हळदीने पिवळे झालेले तांदूळ पडले.

"घ्या," तो म्हणाला, "मास्तराच्या बंदुकीचं लगन लागलं. आता नांदू द्या तिले."

सगळे हसले, मीही हसलो. कडी आता सुरळीत चालत होती. नारळ अजून झुलत होता, म्हणून राखणदार स्वतः लिंबाखाली गेला, दोन्ही हातांनी त्याने तो स्थिर केला आणि बाजूला झाला. मी काडतूस भरले, डावा पाय पुढे घेतला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

नारळ जोरात हलला, पण फुटला नाही. लोक उसासले. मग राखणदार सावकाश नारळाखाली गेला, मान वर केली आणि तोंड उघडले. वरून थेंब थेंब पाणी गळत होते.

"गोड हाय," त्याने जाहीर केले.

पाटील जवळ गेले, जाळी हातात धरून त्यांनी बराच वेळ पाहिले. "अरे, भोक तं नारळाच्या डोयातच हाय."

"मंग? नेम धरनारा मानूस डोयातच मारन ना, पाटील. पानी निघालं का नाही? निघालं म्हंजे फुटला."

पाटील मोठ्याने हसले आणि त्यांनी पहिले आपट्याचे पान माझ्या हातात दिले. राखणदार त्या हंगामात आमच्याकडे राहिला, आणि पुढेही अनेक वर्षे, अगदी हात थकेपर्यंत. रानडुकरे नकलेच्या आवाजालाही तेवढीच भीत. त्यांना फरक कळत नसावा. डबा मात्र मी पुढेही क्वचितच पाडला.

त्या नारळाची डोळ्यांकडची करवंटी मी जपून ठेवली आहे. भोक एकच आहे, बारीक आणि अगदी वाटोळे. बाकी कवचावर ओरखडासुद्धा नाही. एका काडतुसात छर्रे किती असतात हे मला माहीत आहे. राखणदाराला मी याविषयी एकदाच विचारले. त्याने वाटीतला चहा संपवला आणि म्हणाला, "मास्तर, पेपर वाचा."

मी वाचू लागलो. आजही ती करवंटी लिहिण्याच्या मेजावर, भिंतीवर टांगलेल्या बंदुकीखाली ठेवलेली आहे. तुम्हीच सांगा, ते भोक छर्ऱ्याने पडले असेल, की बाभळीच्या काट्याने?