आईने काढलेला प्लग

आईने प्लग काढला तेव्हा माझा बत्तीस तासांचा गेम सेव्ह होत होता. ऑक्टोबरची दुपार, महाडला गडगडायला लागलेलं. आमची आई उमरठची. तिच्या माहेरी एकदा वीज पडून टीव्ही जळला, तेव्हापासून ढग वाजला की घरातल्या सगळ्या वायरी उपटायच्या, हा तिचा नेम.

"अगो, गडगडतंय. काढली मी वायर."

"आई, ऑफिसचं आहे ते."

"म्हनूनच काढली. जळलं म्हंजे काय सांगशील त्यांना?"

मी गेम टेस्टर. लोकांना वाटतं, ही दिवसभर खेळते. मी एकच दार शंभर वेळा उघडते आणि कितव्या वेळी अडकतं ते लिहिते. अडकलं की तो बग. टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र म्हणजे कन्सोल. तो एक कंपनी बनवते आणि त्यावरचे बरेच गेम बाहेरच्या कंपन्या बनवतात, त्यांना थर्ड पार्टी म्हणतात. जातं एकाचं, दळण दुसऱ्याचं. असाच एक गेम दोन वर्षं जाहिरातींत गाजत होता. तो बनवणारी कंपनी आमची क्लायंट, त्याचं टेस्टिंग आमच्या पुण्याच्या ऑफिसकडे होतं आणि मी महाडहून काम करत होते.

पाऊस थांबल्यावर वायर लावली. स्क्रीनवर आलं, 'नवीन खेळ सुरू करा.' बत्तीस तास साफ.

मग मी स्वतःच चार वेळा प्लग काढून पाहिला. दोनदा तेच झालं. गेम जुन्या सेव्हवरच नवीन लिहीत होता. मध्येच लाइट गेली की जुनं पुसलेलं आणि नवीन अर्धवट. उपाय साधा. नवीन पुरतं लिहून होईपर्यंत जुनी प्रत ठेवायची. शेतकरीसुद्धा नवीन बी उगवेपर्यंत जुनं सगळं संपवत नाही.

यादीत बग उघडला, म्हणजे लिहिला, सगळ्यात गंभीर म्हणून खूण केली आणि राहुल सरांना फोन लावला. ते माझे लीड, म्हणजे टीमचे प्रमुख. रिलीजला दहा दिवस होते.

"पुण्यात कोणाला आला नाही हा."

"पुण्यात यूपीएस आहे, सर."

"स्क्रीनवर स्पष्ट लिहिलंय, सेव्ह होताना बंद करू नका."

"लाइट ते वाचून जात नाही, सर."

"तुमच्याकडे जाते. प्लेअर काय महाडात बसलेत? क्लायंटला आता नवीन बग नकोत. क्लोज कर. कारण लिही, युजरची चूक."

"तुम्ही करा ना क्लोज."

"ज्याने उघडला त्यानेच बंद करायचा, पद्धत आहे." मग म्हणाले, "तुझं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात रिन्यू व्हायचंय ना?"

महाडात आईजवळ राहून करता येईल असं दुसरं काम मला मिळणार नव्हतं. मी बग बंद केला, म्हणजे दुरुस्त न होताच यादीतून काढला. कारण लिहिलं, युजरची चूक. युजर म्हणजे माझी आई. लाज वाटली, पण बटण दाबलं. कॉन्ट्रॅक्ट तीन महिन्यांसाठी वाढलं.

गेम आला आणि आठवड्याभरात जगभरातून ओरड सुरू झाली. आमच्या घरापर्यंतही आली. माझा चुलतभाऊ संतोषदादा कारखान्यात आहे, बिरवाडीला खोली घेऊन राहतो. खोलीतल्या तिघांनी मिळून कन्सोल घेतलेला. सुट्टीच्या दिवशी तो घरी आला आणि चहा घ्यायच्या आधीच सुरू झाला.

"एक्कावन तास गेले गो. लाइट गेली न सगळा पुसला. आता ते दोघं म्हनतात, तूच कायतरी दाबलंस. माझ्याशी धड बोलत नाय."

बाहेर काही बोलणार नाही, असं मी कंपनीला सही करून दिलेलं. मी "अरेरे" म्हटलं आणि त्याच्यापुढे कप ठेवला.

महिन्याने पॅच आला, म्हणजे इंटरनेटवरून येणारी दुरुस्ती. जुनी प्रत ठेवायला लागले. एवढंच. पण त्याला छान नाव दिलं, संगीत लावून व्हिडिओ काढला, 'तुमची मेहनत आता सुरक्षित.' आणि लोक धन्य झाले. अशी कंपनी पाहिली नाही, प्लेअरचा मान राखते, असं काय काय लिहून आलं. गळकी छत्री विकायची, मग ठिगळ लावायचं आणि वर शाल-श्रीफळ घ्यायचं. देणारेही भिजलेलेच. मला त्यांचा जास्त राग आला.

संतोषदादाचा फोन आला. "बघ, येवढी मोठी कंपनी, पन ऐकला आमचा. मानला."

"तुझे एक्कावन्न तास मिळाले का परत?"

"ते कसे मिळतील? पन पुढचे तर जानार नाय."

मग क्लायंटने विचारलं, हा बग टेस्टिंगमध्ये सुटला कसा? राहुल सरांनी रेकॉर्ड पाठवून दिलं. उघडला, मी. बंद केला, मी. कारण, युजरची चूक. पॅच वेळेत तपासल्याबद्दल सरांना आभाराचा मेल आला. माझं कॉन्ट्रॅक्ट पुन्हा वाढलं नाही.

कन्सोल परत पाठवायला खोक्यात भरला तेव्हा वायर आईनेच गुंडाळून दिली. यातून शिकले ते एवढंच. बंद करायला सांगणाऱ्याकडून एक ओळ लेखी घ्यावी.

संतोषदादा अजून त्या कंपनीचं कौतुक करतो. बग आधीच सापडला होता आणि तो कोणी बंद केला, हे मी त्याला सांगितलेलं नाही. स्वतःला सहीचं कारण सांगते, पण खरं कारण ते नाही.