फाळक्यावरचा हात

आधीच सांगतो, मला भूत दिसलेलं नाही. पांढऱ्या साडीतली बाई नाही, उलट्या पायांचा म्हातारा नाही... काही नाही. ट्रक चालवतो म्हटलं की लोकांना वाटतं याच्याकडे असल्या गोष्टींचं पोतंच भरलेलं असणार. कुठल्याही लग्नात गेलो की जेवणाच्या पंगतीत कोणीतरी विचारतंच – घाटात काही दिसलं का हो कधी? दिसतं ना! खड्डे दिसतात. उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर दिसतात. भूतबित सगळं रिकामटेकड्यांचं काम, असं माझं कायमचं मत होतं आणि आजही बरंचसं तेच आहे. तरी लिहितोय, कारण त्या दिवशी जे झालं त्यापेक्षा नंतर जे झालं त्याने माझं डोकं फिरलंय.

मी भुसावळचा. ट्रक माझा स्वतःचा – म्हणजे बँकेचा आणि माझा. मालक मीच, ड्रायव्हर मीच, आणि क्लीनर ठेवणं परवडेनासं झाल्यापासून क्लीनरही मीच. रावेरकडची केळी, कापसाच्या गाठी, सरकी, मिळेल तो माल भरायचा. रस्त्याचं मला काही वाटत नाही. संताप येतो तो गेटच्या आत गेल्यावर. पाणी मागितलं तर बाहेरच्या टपरीकडे बोट. संडास विचारला तर तो स्टाफसाठी. आमच्याशिवाय यांचा माल जागचा हलत नाही, आणि आम्हाला मात्र सावलीत बसायचीसुद्धा चोरी!

तर गोष्ट धुळ्याची. देवपूर मागे टाकून थोडं पुढे गेलं की कापसाची एक जिनिंग मिल आहे. नाव देत नाही. मार्च महिना, दुपारचं कडक ऊन. गाठी भरायला गाडी रिकामी घेऊन गेलो होतो. माल चढवायचा धक्का आवाराच्या टोकाला, आणि त्याच्यावरून पुढे आलेलं पत्र्याचं छप्पर. अख्ख्या आवारात सावली म्हणून काय ती तेवढीच.

जेवणाची सुट्टी झालेली. सुपरवायझर म्हणाला, आत्ताच धक्क्याला लाव, सुट्टी संपली की लगेच भरायला घेऊ. मी धक्क्यापर्यंत चालत गेलो, जागा बघितली. मोकळी होती. तेवढ्यात त्याने हाक मारली की आधी रिकाम्या गाडीचं वजन करून घे. वजनकाट्यावर जाऊन आलो आणि गेटवरच्या वॉचमनला म्हटलं, "आबा, मागे जरा कोणी उभं राहा हो. माझ्याकडे क्लीनर नाही."

आबा खुर्चीतून हलले नाहीत. आपल्या अहिराणीत म्हणाले, "मन्हं काम गेटनं शे, भाऊ. तठे कोन्ही नई. टाक मांगे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडी मागे घेताना क्लीनर पाठीमागे उभा राहून फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या उघडणाऱ्या दारावर हात मारतो. हलके हलके मारत राहिला तर येऊ दे. एकच जोरात फटका बसला तर जागच्या जागी ब्रेक. तिथे विचार करायचा नसतो, पाय आपोआप जातो.

मी रिव्हर्स टाकला. आरशात दोन्ही बाजू दिसत होत्या, बरोबर मागचं अर्थात दिसत नव्हतं. थोडा मागे आलो आणि फाळक्यावर हात वाजायला लागला. हलका, एका लयीत. म्हटलं चला, आबांना लाज वाटली वाटतं. बरं वाटलं मला, खरंच. मी त्या हाताच्या भरवशावर मागे येत राहिलो... आणि एकदम फाडकन फटका बसला. असा की केबिनमध्ये माझ्या पाठीला जाणवला.

ब्रेक दाबला आणि खाली उतरलो. मागे कोणी नव्हतं.

म्हणजे उभं कोणी नव्हतं. खाली, छपराच्या सावलीत, गोणपाटावर एक बाई गाढ झोपली होती. चाक तिच्या पायांपासून वीतभर लांब. मी वाकून तिला हलवून जागं केलं.

ती कमलअक्का, तिथलीच मजूर. मी वजनकाट्यावर असताना डबा खाऊन येऊन आडवी झाली होती. डोळे चोळत उठली. "काय व्हयनं रे भाऊ?" मी चहूकडे बघितलं. बाकीच्या बाया लांब नळावर भांडी घासत होत्या. आबा गेटवर खुर्चीतच होते, मोबाइल बघत. मग हात कोणी मारला?

मी फाळका बघितला. चाळीसगावकडून मातीच्या रस्त्याने आलो होतो, फाळक्यावर धुळीचा थर होता. त्या थरावर बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. मी स्वतः एक फटका मारून बघितला. धूळ उडाली आणि पाची बोटं स्पष्ट उठली.

तुम्ही म्हणाल फाळक्याची साखळी आपटली असेल, स्प्रिंगचा पाटा वाजला असेल. अहो, माझ्या गाडीचा प्रत्येक आवाज मला माहीत आहे. साखळी लय धरत नाही. म्हटलं कॅमेऱ्यात बघू. धक्क्यावर कॅमेरा होता, पण तो गाठींकडे लावलेला. माल चोरीला जाऊ नये म्हणून. जिथे माणसं झोपतात तिकडे नव्हता!

सुपरवायझर आला तो आधी अक्कावर खेकसला, "झोपायला हीच जागा सापडली का तुला?"

"मंग कोठे झोपू, साहेब? बठ्ठीकडे ऊन शे. आठेच तेवढी सावली शे."

मग माझ्यावर खेकसला. मी सगळ्यांसमोर झालेला प्रकार सांगितला आणि म्हटलं, साहेब, आज कशानं वाचली देव जाणे. गाड्या लावायला एक माणूस ठेवा आणि या बायांसाठी एक शेड घाला. त्याने मान हलवली. मला वाटलं पटलं.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा बघतो तर काय, धक्क्याच्या कोपऱ्यात शेंदूर फासलेला दगड! झेंडूचा हार, उदबत्ती, फोडलेला नारळ. शेड नाही. माणूसही नाही. आणि सावलीत पूर्वीपेक्षा जास्त बाया आडव्या पडलेल्या, अगदी निश्चिंत. आबा खुर्चीतूनच ओरडले, "आते काळजी नई, भाऊ! बाबा शे ना मांगे. बिनधास्त गाडी लई ये!"

माझं टाळकं सरकलं. म्हणजे माणसाचा पगार वाचवायला यांनी बाबा कामाला लावला! आणि गोष्ट कोणाची? माझी! मीच सांगितलेली!

मी सुपरवायझरला बाहेर बोलावलं. सगळ्या बायांना उठवून लांब उभं केलं. म्हटलं, आता सगळ्यांनी बघा. मी सरळ मागे येतो. मला थांबवायचं काम तुमच्या बाबाचं. अक्का म्हणाली, "नको रे भाऊ." पण मी कोणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो.

गाडी मागे घेतली. काच खाली, कान मागे. हलका हात नाही, फटका नाही, काहीच नाही. गाडी धाडकन धक्क्यावर आदळली आणि फाळक्याचा कोपरा चेपला. नुकसान माझंच, पण उतरलो तो छाती पुढे काढून. "कुठाय बाबा? बोला ना आता!"

सुपरवायझर म्हणाला की परीक्षा बघितलीस, बाबा कोपले. पण अक्का पुढे आली आणि समजूत घालावी तशी शांतपणे म्हणाली, "भाऊ, आज तठे कोन्ही झोपेल नव्हतं ना. मंग तो काब्र हात मारी?"

कोणी झोपलेलंच नाही तर तो कशाला हात मारेल, हा तिचा सवाल अजून माझ्या डोक्यात फिरतोय. आणि माझ्या डोळ्यांदेखत अक्काने पुन्हा तिथेच गोणपाट अंथरलं. मला तिचा राग आला, सुपरवायझरचा त्याहून जास्त, आणि त्या दिवशी ज्याने कोणी हात मारला त्याचासुद्धा आला. एक जीव वाचवला आणि बाकीच्या सगळ्यांना त्या चाकाखाली झोपायला मोकळं केलं.

तो हात कोणाचा होता, मला माहीत नाही. पुन्हा कधी वाजला असेल का, तेही माहीत नाही. मला तिथला माल आता मिळत नाही, भांडखोर ड्रायव्हर म्हणून नाव झालंय. दुसऱ्यांच्या गाड्या लागतात. त्या ड्रायव्हरांना आबा तेच सांगत असणार, बाबा शे, बिनधास्त लई ये.

म्हणून इथे लिहिलं. तुमच्यापैकी कोणाची गाडी धुळ्याकडे जात असेल, तर एवढं करा. कोणी काहीही सांगू द्या, गाडी मागे घेण्याआधी खाली उतरा आणि छपराखाली वाकून बघा. तिथे बाया झोपलेल्या असतात.