गजाकाकांचा ठिपका

माझ्या लहानपणी आमच्या घरात तेल ओतत नसत, लावत असत. वाटीत एक चिंधी बुडवून ठेवलेली असायची. आई ती तव्यावरून फिरवायची आणि परत वाटीत ठेवायची. कालवणावर तेलाचा थेंब तरंगताना दिसला की आम्ही पोरं ओळखायचो, आज घरी पाहुणा आहे. शेणवे गावाच्या पुढे आमची वस्ती. पावसात दुसऱ्यांच्या शेतात भाताची लावणी आणि दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड वीटभट्टीवर. बाबा आणि गजाकाका, दोघे भाऊ, डोक्यावरून विटा वाहायचे. बाबा खाली बघत चालायचे, कारण वाट घसरडी असायची. काका वर बघत चालायचे, कारण समोर ट्रक उभा असायचा. त्या ट्रकात विटा भरता भरता त्यांनी ठरवलं की आयुष्यात एकदा तरी या वस्तूच्या पुढच्या अंगाला बसायचं. बसले. आधी क्लीनर झाले, मग ड्रायव्हर, आणि पुष्कळ वर्षांनी भिवंडीहून एक जुनी, लांब बॉनेटची नाकाडी ट्रकगाडी स्वतःची म्हणून घेऊन आले. ज्या घरात चिंधी फिरत होती त्या घराच्या अंगणात दुसऱ्या दिवशी तेलाचं डबकं होतं. इंजिनाचं का असेना!

महिन्यापूर्वी सकाळी काकीचा फोन आला. मी मुरबाडला एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. आमच्या घराण्यातली पहिली बीएस्सी. हे मी न विचारताही सांगते, कारण काका न विचारताही सांगायचे. काकी म्हणाली, "वने, ये गो. तुझा काका गाडी गरम करायला बसलं नि... बसलंच ऱ्हायलं. चहा निवला." वेड्यासारखं मी विचारलं, "आणि गाडी?"

"बंद केली मी," काकी म्हणाली. "तार वढली. पयल्या झटक्याला बंद झाली."

हे शेवटचं वाक्य दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला कळलं. ते तुम्हालाही कळावं म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

तर, काकांची गाडी गळायची. जुन्या इंजिनाचं असं असतं की आतले भाग झिजले की जळलेला वायू खाली तेलाच्या टाकीत शिरतो. तो कोंडून राहू नये म्हणून बाहेर सोडायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गाडी त्या नळीतून श्वास सोडते, श्वासाबरोबर तेलाची वाफ येते, आणि नळीच्या टोकाला तिचे थेंब होऊन टपटप खाली पडतात. मुरबाडच्या मिस्त्रीने सरळ सांगितलं होतं, इंजिन खोला, पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा बदला. काका ऐकायचे नाहीत. "एकदा पोट फाडलं का मानूस पयल्यासारखा ऱ्हात नाय," असं ते म्हणायचे, आणि पुरावा म्हणून वस्तीतल्या दोन ऑपरेशनवाल्यांची नावं सांगायचे. कुणी गळतीबद्दल बोललंच तर म्हणायचे, "नाक वाहतंय म्हंजे पोर जितं हाय."

पण नाक काकीच्या अंगणात वाहत होतं. काकी अंगण सारवायची आणि तेवढ्या एका जागी शेण धरायचं नाही, पापुद्रा निघून यायचा. पुढे आम्ही थोडी शेती खंडाने करू लागलो होतो; एका वर्षी तर काकांनी भाताच्या झोडणीच्या आदल्या दिवशी गाडी नेमकी सारवलेल्या खळ्यावर लावली. त्या साली आमच्या भाताला असा वास होता की जेवताना बाबा म्हणाले, "गजा, भात चांगला झालाय, पर गिअर पडत नाय."

आणि त्या ठिपक्याने काकांची सगळी गुपितं फोडली. धसईची भाजी मुरबाडला, भट्टीच्या विटा शहापूरला, असं त्यांचं फिरणं. जिथे गाडी थांबली तिथे सही. एका श्रावणात काकी एस्टीने माहेरी निघाली होती. टोकावड्याला एका ढाब्यासमोर एस्टी थांबली तेव्हा तिला खाली ताजा ठिपका दिसला. घरी आल्यावर तिने विचारलं, "श्रावण पाळताव ना?" काका म्हणाले, "पाळतो की." "मंग ढाब्यावर कोंबडी कोनाची मेली?" काका म्हणाले, दुसऱ्याची गाडी असेल, रस्ता सरकारचा आहे. काकी शांतपणे म्हणाली, "तुमचा ठिपका मी वळखते. आंब्याच्या कोयीवानी पडतो. एका बाजूला शेपटी." त्या श्रावणाचे उरलेले दिवस काकांनी खरोखरच भेंडीवर काढले.

मग सविताचं लग्न ठरलं. सविता ही त्यांची एकुलती एक मुलगी. धसईचं स्थळ, चांगली माणसं. काकांच्या मनात एकच होतं. भट्टीवर त्यांनी मालकाच्या मुलीची पाठवणी बघितली होती, फुलं लावलेल्या गाडीतून. त्यांची मुलगी त्यांच्याच गाडीतून, ते स्वतः स्टिअरिंगवर असताना, मांडवातून जाणार होती. काकीने स्टीलचे डबे पुसता पुसता निकाल दिला, "गळकी गाडी मांडवात येनार नाय. येसकराच्या टेंपोतून जाईल माझी पोर." येसकराचा, म्हणजे धंद्यातल्या चुरशीच्या माणसाचा टेंपो! काका त्या दिवशी जेवले नाहीत. मला फोन करून म्हणाले, "बीएस्सी, रविवारी ये. इज्जतीचा मामला हाय."

मी येईपर्यंत त्यांनी पहिला उपाय करून टाकला होता. नळीच्या तोंडात सागाचं बूच मारलं होतं. श्वास कोंडल्यावर इंजिनाने दुसरी वाट शोधली. तेल मोजायची जी पट्टी असते ती बाणासारखी उडाली आणि तिच्यामागून तेलाची पिचकारी सविताच्या लग्नासाठी काकांनी शिवलेल्या पांढऱ्या शर्टावर. शर्ट का घातला होता? तर माप बघायला. माप बरोबर होतं.

दुसरा उपाय त्यांनी नव्या गाड्यांवर पाहिला होता. त्यांच्यात ब्रीदरची नळी बाहेर न सोडता एअर फिल्टरला जोडतात, म्हणजे गाडी आपलीच वाफ परत पिऊन टाकते. काकांनी रबरी नळी आणली, मध्ये तेल साचायला थंड पेयाची बाटली बांधली, आणि मला म्हणाले, "बरोबर ना?"

"काका, मी केमिस्ट्रीची आहे."

"मंग धूर केमिस्ट्रीत येत नाय?"

मी म्हटलं, बाटली भरली तर तेल थेट आत ओढलं जाईल, रोज रिकामी करा. त्यांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा मांडवाचे खांब रोवणं चालू होतं, काकी पाटावर बसून भाजी निवडत होती, आणि काका फिल्टरचं झाकण काढून, गाडी चालू करून सगळ्यांना दाखवत होते की खाली थेंब नाही. खरंच नव्हता. सगळे थेंब बाटलीत होते, आणि बाटली काठोकाठ भरलेली होती.

डिझेल इंजिनाला एक खोड असते. पेटणारं काहीही मिळालं की ते खातं. त्याने स्वतःचंच तेल प्यायला सुरुवात केली. आवाज चढायला लागला... चढतच गेला. पांढरा धूर मांडवात, घरात, वस्तीभर. कोंबड्या कौलांवर. खांब रोवणारे खांब सोडून ओढ्याकडे. काकांनी बंद करायची तार ओढली, पण ती तार फक्त डिझेल तोडते, आणि गाडीला आता डिझेल नकोच होतं. त्यांनी इतक्या जोरात ओढली की तार हातात घेऊनच ते केबिनमधून खाली आले.

"बंद करा की वो!" काकी ओरडली.

"केलीय गो! आयकत नाय ती!"

"तुमचंच शिकली!"

मी ओरडले, "काका, हवा तोडा! तोंड झाका तिचं!" काकांनी धुरापासून स्वतःचं तोंड टॉवेलने झाकलं. काकीला मात्र कळलं. ती उठली, बुडाखालचा पाट उचलला, धुरात शिरली आणि फिल्टरच्या उघड्या तोंडावर पाट आपटून दोन्ही हातांनी रेटून उभी राहिली. गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला, आणि थांबली. सगळीकडे इतकं शांत झालं की ओढ्याकडे पळालेले लोक काय बोलताहेत ते ऐकू येत होतं. काकीने कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "पाट मांडला का समदे गप बसतात."

काका जमिनीवर बसून हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे ओले झाले. मला वाटलं धुराने. पण ते हळूच म्हणाले, "आता येसकराचा टेंपोच."

तेव्हा तिसरा उपाय निघाला, आणि तो तिघांचा होता. मी म्हटलं, वाफेला गारवा आणि अडथळा मिळाला की तेल सुटं होऊन खाली बसतं. काकांनी नळी आधी वर चढवली, म्हणजे जड थेंब परत इंजिनात उतरतील, आणि मग ती केबिनमागे बांधलेल्या किटलीत सोडली. अडथळा काय घालायचा यावर ते विचार करत असताना काकीने घरातल्या सगळ्या तारेच्या घासण्या आणून किटलीत कोंबल्या. किटलीतून निघणारी दुसरी नळी मागच्या चाकापर्यंत नेली. तिच्यातून नुसता वारा यायचा. लग्न होईपर्यंत आमच्याकडे भांडी राखेने घासली गेली.

लग्नादिवशी गाडी झेंडूच्या माळा घालून मांडवात उभी होती. काकीने तिच्याखाली पांढरीशुभ्र चादर अंथरली होती. वऱ्हाडी नवरीवर अक्षता टाकायचे आणि परत जाताना वाकून चादर बघायचे. पाठवणीला काका स्टिअरिंगवर बसले, सविता शेजारी. गाडी हलली. सगळ्यांनी चादरीकडे पाहिलं. मधोमध एक थेंब!

"तो गिअरबॉक्सचा हाय!" काका खिडकीतून ओरडले. "माझा नाय!"

तो एक थेंब पुढे कित्येक वर्षं पडत राहिला. काका तसाच पडू द्यायचे. म्हणायचे, वळख ऱ्हावी.

दिवसकार्य झाल्यावर मी काकीजवळ राहिले. सकाळी ती अंगण सारवत होती. गाडी जागेवर उभी होती. मी वाकून पाहिलं, खाली कोरडं. काकी म्हणाली, जायच्या आठवड्यातच त्यांनी मुरबाडला गिअरबॉक्सचं सील बदलून आणलं, तिला न सांगता. "पयलं मला ठिपक्यावरून समजायचं कुठं गेलंत. आता गाडी गळत नाय, आन् मानूस कुठं गेलंय ते..." तिने वाक्य सोडलं आणि हात शेणात घातला.

मग तिने मला जेवायला वाढलं. पाट मांडला. तोच, ज्याच्या खालच्या अंगाला फिल्टरच्या तोंडाचा काळा गोल ठसा अजून आहे. काका रोज त्याच्यावरच बसून जेवायचे. मी बसले. भाजीवर तेलाचा तवंग होता. दारातून अंगण दिसत होतं, एकसारखं सारवलेलं. जिथे इतकी वर्षं शेण धरत नव्हतं, तिथेही आता धरलं आहे. गजाकाकांची गाडी गळायची थांबली आहे.