पाण्याचा स्वेटर

उल्हासनगर कॅम्प पाचच्या गोपीशेठने मला फसवलं. दिवाळीच्या तोंडावर, भर दुकानात, वर चहा पाजून फसवलं.

मी सहजासहजी फसणारा माणूस नाही. मोरिवलीत दुसऱ्याच्या लेथ मशीनवर लोखंड कापता कापता मी स्वतःचं वर्कशॉप टाकलं, अंबरनाथला स्लॅबचं घर बांधलं. कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा मी अशी घासाघीस करतो, की भाजीवाली मला लांबून पाहिलं की टोपली झाकते. (सुमन, म्हणजे आमची बायको, म्हणते हे चारचौघांत सांगू नका. तिला धंद्यातलं काय कळतंय!)

नव्वद सालच्या आसपास आमच्याकडे सौर बंबाची हवा आली. गच्चीवर काचेची पेटी बसवायची, शेजारी टाकी; उन्हाने पाणी तापतं. मी नफातोटा मांडला. तांब्याच्या जुन्या बंबाला लाकडं लागतात, लाकडं आणायला मी लागतो, धुराने सुमनचे डोळे लाल होतात आणि त्या लाल डोळ्यांनी ती माझ्याकडेच बघते. उलट सूर्य फुकट! त्यात आमच्या मंदाचा लग्नानंतरचा पहिला दिवाळसण. बदलापूरचे जावई पहाटे अभ्यंगस्नानाला बसणार आणि मी ऐटीत नुसती तोटी फिरवणार!

"साईं, पूरा सेट घ्या," गोपीशेठ म्हणाला. "पेटी, टाकी आणि टाकीचं हे जाकीट."

टाकीभोवती गादीसारखं जाडजूड पांघरूण होतं.

"हे कशाला?"

"पाण्याचा स्वेटर आहे. रातभर गरम राहतं."

मी दुकान डोक्यावर घेतलं. "पाण्याला थंडी वाजते? उद्या म्हणाल, मफलर घ्या! काढा तो स्वेटर, भाव कमी करा. आणि आमचा तांब्याचा बंब बदल्यात घ्या!"

"साईं, पछताओगे."

"ते मी बघतो!"

गोपीशेठने स्वेटर काढला, बंब घेतला आणि चहा मागवला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. गिऱ्हाईकाने एवढं लुटल्यावर कोण चहा पाजतं?

पेटी बसली. भर दुपारी तोटीतून असं कढत पाणी आलं, की मी शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून त्यांच्यासमोर बोट भाजून घेतलं.

मग उजाडली नरकचतुर्दशी. म्हणजे उजाडायची होती, हाच तर घोटाळा! अविनाशराव तेल-उटणं लावून पाटावर बसले. मंदाने ओवाळलं. मी तोटी फिरवली आणि पहिला तांब्या मानाने, माझ्या हाताने, जावयाच्या पाठीवर ओतला.

"आई गंऽऽ!"

"काय झालं? फार कढत आहे का?"

"नाही बाबा," जावई दात वाजवत म्हणाले. "एकदम... ताजं आहे."

सुमनने बादलीत बोट घातलं. "अहो, बर्फ आहे हा! बंब कुठाय?"

"विकला."

"गॅस चकल्यांनी संपवला, बंब तुम्ही विकलात. आता?"

"थोडं थांबा. सूर्य वर आला की पाणी तापेल."

"बाबा," मंदा किंचाळली, "सूर्य उगवायच्या आत आंघोळ झाली नाही तर नरकात जातात!"

"पण सूर्य उगवल्याशिवाय पाणी तापणार कसं?"

"तेच आम्ही तुम्हाला विचारतोय!"

शेवटी शेजारच्या जोशीकाकूंनी हाक मारली. माझे जावई, पहिल्या दिवाळसणाला, पंचा गुंडाळून, उटण्याने माखलेले, लोकांच्या मोरीत आंघोळीला निघाले. अख्खी गल्ली फुलबाज्या हातात धरून बघत होती.

माझं डोकं तापलं. (घरात तेवढंच तापलं होतं.) अंगावरच्या तेलावर शर्ट चढवला, स्कूटरला लाथ मारली आणि थेट कॅम्प पाच गाठलं. गोपीशेठचं घर दुकानाच्या मागेच. अंगणात पाहतो तर काय! माझा बंब! चिंचेने घासून लख्ख केलेला, आगगाडीसारखा धूर सोडतोय!

"तुमच्या गच्चीवर सोलर नाही?" मी ओरडलो.

"वो बेचने का माल है, साईं. नहाने को तुमचा बंब. एक नंबर!" त्याने माझ्या तेलकट कपाळाकडे निरखून पाहिलं. "आंघोळ राहिली वाटतं? या, पाणी कढत आहे."

मी भांडायला गेलो होतो. दोन बादल्या आंघोळ करून, मिठाई खाऊन बाहेर आलो. (नरक काही टळला नाही. तोवर ऊन चांगलं अंगणात आलं होतं.)

निघताना मुकाट्याने स्वेटर मागितला. गोपीशेठने काढून दिला, वर एक गोल गादी ठेवली.

"आता ही टोपी पण घ्या. झाकणावर बसते. नाहीतर सारी गरमी वरून निघून जाईल."

"टोपी?" मी पुन्हा उसळलो. "मला टोपी घालता? काढा ती, भाव कमी करा!"

काढली त्याने. चहाही पाजला.

तेव्हापासून आमच्या गच्चीवरची टाकी स्वेटर घालून, बोडक्या डोक्याने उभी आहे. पहाटे पाणी ताजं ते ताजंच. जावई दर दिवाळीला आधी जोशीकाकूंकडे जातात, मग आमच्याकडे.

म्हणून आज चारचौघांत विचारतो, गोपीशेठ! टोपी तर मी घेतलीच नव्हती, मग ती माझ्या डोक्यावर आली कशी? जवाब द्या!